वाकळीचा पहिला चौकोन : हातकणंगले परिसराच्या संदर्भात ठिगळकामाची प्राथमिक ओळख

प्रस्तावना :

जुन्या कपड्यांचे थर एकावर एक अंथरून हाताने शिवलेल्या अंथरूण-पांघरुणास कोल्हापूर जिल्ह्यात 'वाकळ' म्हणतात. महाराष्ट्राच्या इतर भागांत तीच 'गोधडी' होय. बंगालमधील कांथा आणि कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी ही याच कलेची भावंडे आहेत. हातकणंगले परिसराला वस्त्रोद्योगाचा शेजार जुना आहे. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला व पुढे हे गाव यंत्रमागाचे मोठे केंद्र बनले. मागावरील कापड मीटरने मोजले जाते. घरातील स्त्रीने दुपारच्या वेळात शिवलेल्या वाकळीचे श्रम मात्र कोणत्याही हिशेबात धरले जात नाहीत. हे ज्ञान लिहिलेले नसून हातात असते. हात थांबला की ते संपते. म्हणूनच नवशिक्यास करता येईल असा नऊ ठिगळांचा एक चौकोन प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे.

कापडाची निवड :

वाकळीसाठी सुती कापड उत्तम. ते घाम शोषते, सुईला अडवत नाही आणि धुतल्यावर मऊ होते. कृत्रिम धाग्याची साडी निसरडी असते व सुती कापडाइतकी आटत नाही. म्हणून दोन्ही एकत्र शिवल्यास धुण्यानंतर सुरकुत्या पडतात. मागावरचे कोरे कापड वापरायचे असल्यास प्रथम धुऊन घ्यावे. त्यामुळे ताण्याला दिलेली खळ निघते व कापड आटायचे तेवढे आटून जाते. निवडीचा मुख्य नियम असा की, मजबूत कापड वर आणि तळाला, विरलेले कापड पोटात. विरलेल्या लुगड्यालाही वाकळीत जागा असते. फक्त त्याच्यावर थेट भार येऊ द्यायचा नसतो.

चौकोनाची कृती :

१) मापे : चार इंच लांबी-रुंदीचे पाच गडद व चार फिके तुकडे कापावेत. कात्री उभ्या-आडव्या धाग्याच्या रेषेत चालवावी. उरेब कापलेला तुकडा ताणला जाऊन आकार सोडतो.

२) मांडणी : चार कोपरे व मध्य येथे गडद आणि उरलेल्या जागी फिके तुकडे मांडावेत. तीन-तीन तुकड्यांच्या तीन ओळी होतात.

३) जोडणी : दोन तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून काठापासून अर्ध्या इंचावर धावदोरा घालावा. आधी प्रत्येक ओळ जोडावी. शिलाईची माया गडद तुकड्याकडे दाबावी. त्यामुळे पहिल्या व तिसऱ्या ओळीत माया बाहेर, तर मधल्या ओळीत आत वळते. मग ओळी एकमेकींना जोडताना सांधे एकमेकांत बसतात व गाठोडे होत नाही. शिवल्यावर प्रत्येक तुकडा तीन इंचांचा आणि चौकोन, कडेची माया धरून, दहा इंचांचा होतो.

४) थर : तळाला दहा इंचांचे मजबूत कापड, त्यावर नऊ इंचांचे दोन-तीन जुने सुती थर आणि वर तयार चौकोन ठेवावा. मोठ्या कच्च्या टाक्यांनी थर जागच्या जागी धरावेत. नंतर वरच्या व तळाच्या कापडाच्या कडा अर्धा इंच आत मुडपून बंद कराव्यात.

५) धावदोरा : कोपऱ्यापासून आरंभ करून कडेने फेरा घ्यावा व प्रत्येक फेरा अर्धा इंच आत सरकवत मध्याकडे यावे. टाका सुमारे पाव इंचाचा असावा; गाठ थरांच्या आत लपवावी. बाहेरून आत येताना कापडाचा ढिलेपणा मध्याकडे लोटला जातो, म्हणून प्रत्येक फेऱ्याआधी तळहाताने कापड सारखे करावे. शेवटी कच्चे टाके उसवावेत.

चुकीचे गणित :

साडेचार फूट बाय सहा फूट वाकळीस असे ४८ चौकोन, म्हणजे ४३२ तुकडे लागतात. त्यासाठी चौकोन आधी एकमेकांना जोडून मगच थर घालावेत. प्रत्येक तुकडा एक सूत मोठा राहिला, तर रुंदीतील १८ तुकड्यांत १८ सूत, म्हणजे सव्वादोन इंचांचा फरक पडतो. जाणत्या स्त्रिया माप न घेता ठिगळाची कड मुडपून ते थेट थरांवर शिवतात आणि असा फरक पुढच्या ठिगळाखाली झाकतात. ही नजर सरावाने येते. नऊ तुकड्यांचा चौकोन हा त्या सरावाचा आरंभ होय.

निष्कर्ष :

वाकळीचे बळ कापडात कमी आणि टाक्यांत अधिक असते. जवळजवळ घातलेले फेरे भार वाटून घेतात. एक दोरा तुटला तरी शेजारचा थर धरून ठेवतो. आजीच्या लुगड्याचे नातवासाठी दुपटे होते, ते याच गुणामुळे. वाकळीकडे केवळ दारिद्र्याची खूण म्हणून पाहणे योग्य नाही. तिच्यात मोजमाप, कापडाची पारख व काटकसर यांचे शिस्तबद्ध ज्ञान आहे. ते टिकवायचे तर घरातील वृद्ध स्त्रीच्या शेजारी सुई-दोरा घेऊन बसणे आवश्यक आहे. तिच्या श्रमाची पहिली नोंद तेथूनच होऊ शकेल.