खोटी चोरघंटा : एक अर्थविचार

पर्वतावरील धूर पाहून आपण अग्नीचे अनुमान करतो, ते धूर आणि अग्नी यांच्या व्याप्तीच्या बळावर. घरातील चोरघंटा हीही चोराची अशीच सूचक होय. परंतु संवेदकावरून फिरणारा कोळी, क्षीण झालेला विद्युत्‌घट वा घरमालकाचीच चूक यांमुळे ती वाजू लागली, म्हणजे ही व्याप्ती ढळते; नैयायिकांच्या भाषेत हेतू व्यभिचारी ठरतो.

मालक परगावी असतो. झोपमोड होते ती शेजाऱ्याची. पहिल्या रात्री तो खिडकीशी येतो, पाचव्या रात्री केवळ कूस बदलतो. 'लांडगा आला रे आला' या कथेचे मर्म हेच. मानसशास्त्रज्ञ श्लोमो ब्रेझ्निट्झ यांनी १९८४ साली एका ग्रंथात या विश्वासक्षयाचीच मीमांसा केली.

इंग्लंड व वेल्ससाठी २००५ साली झालेल्या कायद्याने, त्रासदायक घंटा सलग २० मिनिटांहून वा थांबूनथांबून एका तासाहून अधिक वाजल्यास, ती बंद करण्याकरिता बळाचा वापर न करता आवारात शिरण्याचा अधिकार स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्यास दिला. बळाने शिरावयाचे, तर न्यायाधिकाऱ्याचे अधिपत्र लागते.

यायोगे ध्वनी थांबतो. गेलेला अर्थ मात्र परत येत नाही. चिन्हाचा अर्थ ऐकणाऱ्याच्या विश्वासावर टिकतो. म्हणून खोट्या घंटेची अंतिम हानी, खऱ्या चोरीच्या रात्री, घरमालकालाच सोसावी लागते.