पुराने नेलेला शेजार

जुन्या पुणेकराला लग्नाचे साल विचारा. आकडा सांगण्याआधी तो 'पुराच्या आधी' किंवा 'पुरानंतर' असे म्हणेल. कुठला पूर, हे विचारावे लागत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि शहराच्या आयुष्याचे दोन भाग झाले.

आंबी नदीवरच्या या मातीच्या धरणाचे काम अपुरे असतानाच त्यात पाणी साठले. भराव खचू लागला तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो धरून ठेवला. सकाळी तो गेला. रात्रीऐवजी दिवसा गेला, म्हणून पुष्कळ माणसे वाचली. पुढे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फुटले आणि दोन धरणांचे पाणी मुठेतून पेठांत शिरले.

मी तेव्हा नऊ वर्षांचा. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडे होती. धरण फुटल्याची हाळी सायकलवरून कोणीतरी देत गेला. निम्म्या वाड्याला ती अफवा वाटली. पण बायकांनी दारोदार जाऊन माणसे मोजली, जिन्याखालच्या खोलीतल्या आजींना दोघांनी उचलले आणि आम्ही सगळे उंचावरच्या सदाशिव पेठेकडे निघालो. मागे राहिले कोणीच नाही.

पाणी ओसरल्यावर परतलो तेव्हा माती-विटांच्या भिंती विरघळून बसल्या होत्या. धान्य कुजल्याचा वास होता. पुरात बुडालेल्या गावाला प्यायला पाणी नव्हते, कारण नळाचे पाणी खडकवासल्याचे. ते धरणच उरले नव्हते. बंद पडलेले आड पुन्हा उपसले गेले.

मग निसेन हट आल्या, गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर वसले. 'पूरग्रस्त' हा शब्द पत्त्यासारखा चिकटला. वाड्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. एका नळावर अकरा घरांची भांडणे आम्ही रोज ऐकत होतो. स्वतःचा नळ, स्वतःची मोरी मिळाली हे कित्येकांचे भाग्यच. पण अकरा बिऱ्हाडे चार दिशांना पांगली आणि माणसे मोजणारा शेजार मोडला.

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत ते घरांत शिरले. आपल्याला वेळेवर कळवले नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. फोन तर प्रत्येकाच्या हातात होता! विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये जाहीर होतो. पण तेवढ्या विसर्गाला पाणी आपल्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत येईल, हे तळमजल्यावरच्या माणसाला त्यातून समजत नाही. ते सांगणारे आणि एकटी आजी कुठल्या खोलीत राहते हे ठाऊक असणारे चारजण प्रत्येक सोसायटीने पावसाळ्याआधी नेमून ठेवावेत. त्याला ना निधी लागतो, ना आयोग.