जुन्या होडीला रंगाआधी परीक्षा हवी

समुद्रापासून दूर वसलेल्या छत्रपती संभाजीनगरात शिडाच्या होडीचा विषय काहीसा अनाठायी वाटण्याची शक्यता आहे. परंतु शिडाला वारा आणि मोकळे पाणी पुरते. समुद्रच हवा असे नाही. पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालवण्याचे धडे गिरवतात. आपल्याकडेही १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणामुळे पैठणजवळ नाथसागर पसरला आहे. त्यामुळे एखादी अडगळीत पडलेली लाकडी होडी आणून दुरुस्त करावी, असे एखाद्या हौशी माणसाच्या मनात आले तर त्यात नवल नाही.

हे काम हौशी माणसाच्या आवाक्यातले आहे काय? बऱ्याच अंशी आहे. जॅक होल्ट या ब्रिटिश रचनाकाराने बॅरी बकनेल यांच्यासह १९६०च्या दशकाच्या आरंभी आखलेली 'मिरर' ही छोटी होडी घरच्या घरी बांधता यावी, याच हेतूने जन्मली. प्लायवुडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने एकमेकांना टाचायचे आणि सांध्यांवर काचतंतूंची पट्टी व रेझिन चढवायचे, अशी ती पद्धत. जे हौशी हातांनी बांधता येते, ते हौशी हातांनी दुरुस्तही करता येते.

मात्र पहिले काम रंगाचे नव्हे, परीक्षेचे. नवा रंग दिल्याने होडी देखणी होते. आत कुजलेले लाकूड तसेच राहते. स्क्रूड्रायव्हरचे टोक लाकडात सहज रुतले, वा ठोकल्यावर भरीव आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर तेथे कूज आहे असे समजावे. पाणी साचणारे तळाचे कोपरे, डोलकाठीचा पाया आणि सेंटरबोर्डच्या पेटीचे सांधे आधी तपासावेत. कूज या भागांत खोलवर पसरली असेल, तर मोह आवरून होडी सोडून देणे शहाणपणाचे.

दुरुस्ती करण्याचे ठरल्यास होडी सावलीत, हवा खेळेल अशी उलटी ठेवून पूर्ण वाळू द्यावी. ओलसर लाकडावर इपॉक्सी नीट चिकटत नाही. कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून काढावा. नवे प्लायवुड घेताना त्यावर आयएस ७१० हा सागरी प्लायवुडचा मानक क्रमांक पाहावा. जुना आणि नवा तुकडा समोरासमोर न टेकवता दोन्ही कडा जाडीच्या आठपट लांबीच्या उतारात तासून एकमेकांवर चिकटवाव्यात; त्यामुळे चिकटणारा पृष्ठभाग वाढतो. उन्हाने इपॉक्सी खराब होते, म्हणून त्यावर वॉर्निश किंवा रंग आवश्यक असतो. रंगाची पाळी येते ती अशी शेवटी.

मराठवाड्याच्या हवेचाही विचार हवा. उन्हाळ्याच्या तापात इपॉक्सी डब्यातच घट्ट होऊ लागते, तर पावसाळ्यातील दमटपणा त्याचा पृष्ठभाग चिकट करतो. दिवाळीनंतरचे कोरडे महिने या कामास उत्तम.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जिवाची. छोटी होडी वाऱ्याच्या झोताने उलटणे ही नेहमीची घटना आहे. उलटल्यावर तिला तरंगत ठेवतात ते हवाबंद कप्पे. त्यांच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून आत हलकी हवा भरावी. बुडबुडे आले तर गळती आहे. तार तुटत आलेली असेल तर ती बदलावी. पहिली चाचणी जीवरक्षक जाकीट घालून, सोबतीसह, काठालगतच करावी. नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य असल्याने तेथे होडी उतरवण्यापूर्वी वन व जलसंपदा खात्यांची परवानगी घेणे अगत्याचे.

जुने जपण्याचे मोठे उदाहरण आपल्याच मुंबईचे आहे. वाडिया घराण्याच्या कारागिरांनी सागवानात घडवलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरली. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तिचे जीर्णोद्धाराचे काम २००१ साली पूर्ण झाले. निकामी झालेले काढावे, निरोगी असेल ते राखावे, हाच नियम तिला लागू होता आणि अंगणातल्या चार मीटर होडीलाही तोच लागू आहे.