दिवा लागला म्हणजे काम झाले का?

आपल्या बेटावर मुलगा वकील झाला, डॉक्टर झाला, शिक्षक झाला की घरात गोडधोड होते. मुलगा इलेक्ट्रिशियन झाला तर ‘चला, पोटापाण्याला लागला’ एवढेच म्हणतात. ऑस्ट्रेलियात नातलग असलेली कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि मुलांना तिकडे पाठवण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो तो डिग्रीचा. म्हणून हातात पक्कड घेऊन सुरुवात करणारा माणूस त्या देशात कुठवर चढतो, आणि कशाच्या जोरावर, ते आज वाचकांपुढे मांडावे असे आम्हांला वाटले.

तिकडे इलेक्ट्रिशियनला लाडाने ‘स्पार्की’ म्हणतात. स्पार्की व्हायचे तर साधारण चार वर्षांची उमेदवारी करावी लागते. बहुतेक दिवस मालकाकडे पगारी काम, उरलेल्या वेळी टेफ नावाच्या सरकारी तंत्रशाळेत शिक्षण. शेवटी परीक्षा आणि मग राज्याचा परवाना. त्या परवान्यावाचून स्वतःच्या घरातला साधा प्लगपॉईंट बदलणेही तिथे बेकायदा आहे. आपल्याकडे शेजारचा कोणीतरी ‘येते मला थोडेफार’ म्हणत स्टुलावर चढतो, तसे तिथे चालत नाही.

आणि दिवा लागला म्हणजे काम झाले, असेही तिथे कोणी मानत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचे मिळून एक नियमपुस्तक आहे, ‘वायरिंग रूल्स’. वीज सुरू करण्याआधी कोणत्या चाचण्या करायच्या ते त्यात सांगितले आहे. एक उदाहरण पाहा. फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले तरी दिवा लागतो. बटण बंद केले की विझतोही. पण होल्डरमध्ये वीज तशीच उभी असते, आणि दिवा बदलायला गेलेल्या माणसाला ती दिसत नाही. म्हणून ध्रुवता तपासायची. मेगर लावून ५०० व्होल्टवर इन्सुलेशन मोजायचे. सर्वसाधारण वायरिंगला ते निदान एक मेगओहम भरले पाहिजे. अर्थिंग पाहायचे. सेफ्टी स्विच ठरलेल्या वेळात, म्हणजे साधारणपणे सेकंदाच्या तीन दशांश भागाच्या आत, वीज तोडतो की नाही ते पाहायचे. मग सही. व्हिक्टोरिया राज्यात तर काही कामे दुसऱ्या, स्वतंत्र परवानाधारक इन्स्पेक्टरने तपासावी लागतात; आपल्याच कामाला आपणच शाबासकी देता येत नाही.

मोठ्या बांधकामांवर, म्हणजे रुग्णालय, भुयारी रेल्वे, खाण अशा ठिकाणी, ही तपासणी हाच एक वेगळा हुद्दा होतो. तिथे कामाच्या आराखड्यात ‘होल्ड पॉईंट’ नावाचे थांबे ठरलेले असतात. केबलचा चर खणला, केबल टाकली, खोली मोजली, वर नारिंगी पट्टी अंथरली. पण तपासणाऱ्याची सही होईपर्यंत माती लोटायची नाही. एकदा माती पडली की आत काय आहे ते कागदच सांगणार. म्हणून त्या कागदाला मोल आहे.

ही सही करणारा माणूस पुष्कळदा हाताने काम करूनच वर आलेला असतो. आधी टोळीचा पुढारी, मग सुपरव्हायझर, जोडीला रात्रीच्या वर्गातला डिप्लोमा, आणि मग क्वालिटीचे खाते. डिग्रीवाल्या इंजिनीयरला आकडे कळतात, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण स्विचबोर्डातला बोल्ट ठरल्या जोराने आवळला की त्यावर रंगाची रेघ मारतात. ती रेघ आवळल्यावर मारली की शुक्रवारी संध्याकाळी घाईत नुसतीच मारून टाकली, हा संशय ज्याने स्वतः हजार बोल्ट आवळले त्यालाच आधी येतो. सैल राहिलेला जोड तापतो, आणि आग लागते ती पुढे कधीतरी, सगळे घरी गेल्यावर.

यातले अवघड काम म्हणजे ‘नाही’ म्हणणे. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांना ‘हे उघडा, पुन्हा करा’ असे सांगायचे, आणि वर साहेब तारखेसाठी घाई करत असतो. इथे माणसाची खरी परीक्षा होते. शिवाय नापास कामाचा अहवाल स्वच्छ इंग्रजीत लिहावा लागतो. शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही घोटलेल्या आपल्या मुलांना ते जड जाऊ नये.

तपासणीत ढिलाई झाली तर काय होते ते ऑस्ट्रेलियाने अलीकडेच अनुभवले. २०१० ते २०१३ या काळात इन्फिनिटी आणि ओल्सेंट या नावांची आयात केबल तिथे विकली गेली. दिसायला ती चांगली, दिवे लागले, घरे उभी राहिली. पण तिच्यावरचे प्लास्टिक हलक्या प्रतीचे होते. उष्णतेने ते वेळेआधीच ठिसूळ होऊन गळण्याचा धोका होता. २०१४ मध्ये ती परत मागवण्याचे फर्मान निघाले तेव्हा ४,००० किलोमीटरहून अधिक केबल भिंतींत आणि छपरांत जाऊन बसली होती. बसवणाऱ्या स्पार्कींचे हात चुकले नव्हते. माल आत येताना, दारातच, कोणी खोलात जाऊन पाहिले नव्हते. तेव्हापासून क्वालिटीवाल्याचे काम चराच्या काठावर नव्हे, केबलचे रीळ ट्रकमधून उतरते तिथे सुरू होते असे आम्ही मानतो.

तसा या देशातला वीजउद्योग परक्या हातांनीच वाढला. स्नोई पर्वतातली जलविद्युत योजना १९४९ ते १९७४ अशी पंचवीस वर्षे चालली. तीसहून अधिक देशांचे एक लाखावर लोक तिच्यावर राबले, १२१ जण कामावर मेले. त्यांत युरोपातून आलेले पुष्कळ. आपल्या वर्णाच्या माणसांना दार तेव्हा जवळजवळ बंदच होते. वर्णाची अट १९७३ मध्ये पूर्णपणे गेली.

आता दार उघडे आहे, पण उंबरठा आहे. बेटावर वीस वर्षे काम केलेल्यालाही तिथे पोहोचताच परवाना मिळत नाही. ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलियाच्या व्यवस्थेतून कौशल्य तपासून घ्यायचे, मग परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करत तिथले नियम शिकायचे. काहींना हा अपमान वाटतो. आम्हांला तसे वाटत नाही; दोन्हीकडे २३० व्होल्ट असले तरी नियमपुस्तक निराळे, प्लगची पातेसुद्धा तिरकी. मात्र पुरावा मागतात तो कागदावरच. तेव्हा ज्यांच्या मुलांच्या मनात हे आहे त्यांनी मालकाची तारखांसह पत्रे, पगाराच्या पावत्या आणि केलेल्या कामांचे फोटो आजपासूनच एका फाईलीत लावून ठेवावेत. मालक दुकान बंद करून गेला की पत्र द्यायला कोणी उरत नाही.