रात्रीच्या नभोवाणी-चर्चेची पूर्वसूचना



मागील घटकात आपण नभोवाणीवरील भाषण, मुलाखत आणि श्रुतिका यांच्या संहितालेखनाचा परिचय करून घेतला. त्या मानाने प्रस्तुत घटकाचा विषय फारच लहान वाटेल. येत्या काही दिवसांत रात्री प्रसारित होणाऱ्या चर्चांची आगाऊ माहिती देणारे अर्ध्या मिनिटाचे निवेदन कसे लिहावे, एवढेच येथे पाहावयाचे आहे. या निवेदनाला आपण 'पूर्वसूचना' म्हणू. हे लेखन कोणालाही जमेल असा समज आहे आणि त्या समजामुळेच ते बहुधा निष्काळजीपणे केले जाते. विषयाचे नाव, सहभागी व्यक्तींची नावे, वार आणि वेळ एवढे एका वाक्यात कोंबले की काम झाले, असे लिहिणाऱ्याला वाटते. श्रोत्याच्या हाती मात्र त्यातून काहीच लागत नाही.

चर्चा हा प्रकार भाषणाहून वेगळा आहे. भाषण मध्येच ऐकू लागलो तरी वक्त्याचा धागा काही वेळात सापडतो. चर्चेत तीन-चार आवाज असतात, ते एकमेकांना अडवतात, आधी कोणी काय म्हटले त्याला उत्तर देतात. तिचा विषय ज्याने आधी थोडा तरी मनात घोळवलेला नाही, त्याला ती गलबल्यासारखी ऐकू येते. म्हणून श्रोत्याने चर्चेला बसण्यापूर्वी स्वतःचा एखादा प्रश्न सोबत आणावा, अशी व्यवस्था करणे हे पूर्वसूचनेचे खरे काम आहे. वेळ कळविणे हे त्यानंतरचे.

ही केवळ कल्पना नव्हे. तयारीने ऐकणे आणि सहज कानावर पडणे यांत किती अंतर असते, हे महाराष्ट्रातील एका प्रयोगाने दाखवून दिले आहे.

१९५६ चा पुणे येथील प्रयोग

कॅनडात १९४१ ते १९६५ या काळात शेतकऱ्यांसाठी 'नॅशनल फार्म रेडिओ फोरम' हा उपक्रम चालत असे. हिवाळ्यात सोमवारी रात्री शेजारपाजारचे शेतकरी एखाद्याच्या घरी जमत, नभोवाणीवरील चर्चा ऐकत आणि मग आपसांत तिचा खल करीत. त्या रात्रीच्या विषयाची छापील पुस्तिका त्यांच्याकडे आधीच आलेली असे. 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्या उपक्रमाचे ब्रीद होते. त्यातला पहिला शब्द 'वाचा' हा आहे, याकडे तुमचे लक्ष वेधावेसे वाटते. ऐकण्याच्या आधीची पायरी तेथे गृहीत धरलेली होती.

हा नमुना समोर ठेवून युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने १९५६ साली पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. फेब्रुवारी ते एप्रिल या दहा आठवड्यांत दर रविवारी आणि गुरुवारी सायंकाळी अर्ध्या तासाचा एक, याप्रमाणे २० कार्यक्रम झाले. गावकरी संचाभोवती बसून कार्यक्रम ऐकत आणि नंतर चर्चा करीत. त्यांना पडलेले प्रश्न निमंत्रक केंद्राकडे पाठवीत. प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि त्याचा अहवाल पॉल न्यूराथ यांनी लिहिला. मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी करण्यात आली. तुलनेच्या गावांपैकी काहींत रेडिओ होता, काहींत नव्हता. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ झालेली आढळली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता तेथे मात्र तशी वाढ दिसली नाही.

हा निष्कर्ष पूर्वसूचनेविषयीचा नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु आपल्या विषयाला त्यातून एक गोष्ट मिळते. वाटेत लागलेल्या रेडिओचा श्रोता आणि ठरवून बसलेला श्रोता ही दोन वेगळी माणसे आहेत. गावात मंडळ होते, निमंत्रक होता, ठरलेला वार होता. आज घरी एकट्याने ऐकणाऱ्यापाशी यांतले काहीही नाही. त्याला ठरवून बसविण्याचे काम उरते ते त्या अर्ध्या मिनिटाच्या निवेदनाकडे.

रात्रीचा श्रोता कोण?

लिहिण्यापूर्वी ऐकणारा डोळ्यांसमोर आणावा, हे तत्त्व तुम्ही यापूर्वी शिकला आहात. रात्रीच्या बाबतीत त्याला एक भौतिक कारणही आहे. दिवसा आयनांबराचा खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो, त्यामुळे केंद्राचा आवाज ठरावीक टापूपुरताच राहतो. सूर्यास्तानंतर हा थर विरून जातो आणि त्याच लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरांवर पोहोचतात. म्हणजे पुणे केंद्राचे रात्रीचे निवेदन मराठवाड्यातल्या किंवा कर्नाटकाच्या सीमेवरल्या एखाद्या खोलीतही ऐकू येऊ शकते. तेथे बसलेल्याला 'आपल्या शहरातील उड्डाणपुलाचा प्रश्न' म्हणजे कोणते शहर, हे कसे कळावे? रात्रीच्या पूर्वसूचनेत 'आपले', 'येथील', 'स्थानिक' असे शब्द जपून वापरावेत आणि गावाचे नाव घ्यावे.

शिवाय रात्रीचा श्रोता बहुधा एकटा असतो. पहारेकरी, रुग्णालयातील परिचारिका, लांबच्या पल्ल्याचा चालक, परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी, झोप न येणारे वृद्ध गृहस्थ. 'तमाम रसिक श्रोतृवर्गास' अशी सभेची हाक त्याला परकी वाटते.

एका मसुद्याची तीन रूपे

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. चर्चेचा विषय आहे वाड्यावस्त्यांवरील कमी पटाच्या शाळांचा. अशी शाळा चालू ठेवावी की तेथील मुलांना मोठ्या शाळेत न्यावे, हा वाद महाराष्ट्रात नवा नाही. शिक्षणहक्काच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी लागते. या पार्श्वभूमीवर सरावासाठी रचलेला पहिला मसुदा पाहा :

'मंगळवार दिनांक १२ रोजी रात्रौ ९.३० वाजता "प्राथमिक शिक्षणव्यवस्थेसमोरील आव्हाने : एक चिंतन" या विषयावर मान्यवरांची चर्चा प्रसारित करण्यात येणार आहे. तरी श्रोत्यांनी या चर्चेचा अवश्य लाभ घ्यावा.'

व्याकरणाच्या दृष्टीने यात काही चुकलेले नाही. पण ही निमंत्रणपत्रिका आहे. वार आणि वेळ सुरुवातीलाच आल्यामुळे वाया गेली, कारण ऐकावे असे वाटण्याआधी वेळ कोणी लक्षात ठेवीत नाही. 'आव्हाने' हा शब्द कोणत्याही विषयाला चिकटतो आणि म्हणून कोणताच विषय सांगत नाही. 'एक चिंतन' ऐकताच माझ्यासारखा श्रोता तर केंद्र बदलतो. मान्यवर कोण, ते कळत नाही. लाभ कसला, तेही नाही.

यावर चिडून एखादा उत्साही लेखक दुसऱ्या टोकाला जातो :

'वाडीवरची शाळा बंद करून गरिबाच्या मुलाचे शिक्षण कोण हिरावून घेत आहे? ऐका, मंगळवारी रात्री साडेनऊ वाजता!'

हे कानाला पकडते, यात शंका नाही. दोष असा की प्रश्नातच उत्तर देऊन टाकले आहे. शाळा बंद करणे म्हणजे हिरावून घेणे, हे ठरून गेले. मग चर्चा कशाची करावयाची? ज्या अधिकाऱ्याला किंवा पालकाला उलट वाटते, तो आरोपी म्हणूनच ध्वनिक्षेपकासमोर बसेल. मोठ्या शाळेत मुलांना अधिक सोबती, अधिक शिक्षक मिळतील असे प्रामाणिकपणे मानणारा श्रोताही यात दुखावला जातो. खाजगी वाहिन्यांवर अशी वाक्ये रोज ऐकू येतात, म्हणून ती अनुकरणीय ठरत नाहीत. आकाशवाणीची प्रसारण-संहिता नाव घेऊन राजकीय पक्षावर हल्ला करण्यास मनाई करते. परंतु नाव न घेताही शब्दांचा कल एका बाजूला झुकविता येतो आणि त्यावर कोणती संहिता लक्ष ठेवणार? ते लिहिणाऱ्यानेच पाहावयाचे असते.

तिसरा मसुदा :

'वाडीवरची शाळा. मुले अकरा, शिक्षक दोन. ही शाळा अशीच चालू ठेवावी, की मुलांना गाडीने मोठ्या गावच्या शाळेत न्यावे? पहिलीतल्या मुलाने रोज किती लांब जावे? आणि अकरा मुलांत शिकताना त्याचे काय हुकते? या प्रश्नांवर बोलणार आहेत वस्तीवर शिकविणाऱ्या एक शिक्षिका, एक पालक आणि शिक्षण विभागातील एक निवृत्त अधिकारी. येत्या मंगळवारी रात्री साडेनऊ वाजता. मंगळवार, रात्री साडेनऊ.'

सावकाश वाचल्यास मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात, हे गृहीत धरले तर हा मजकूर अर्ध्या मिनिटात बसतो. त्यातील रचना पाहा. आरंभी चित्र आहे आणि ते दोन आकड्यांत उभे राहते. त्यानंतरचे प्रश्न दोन्ही बाजूंचे आहेत. अंतराचा प्रश्न शाळा राखणाऱ्याचा, तर काय हुकते हा प्रश्न शाळा एकत्र करू पाहणाऱ्याचा. सहभागी व्यक्तींची ओळख त्यांच्या कामावरून दिली आहे, कारण नाव अपरिचित असेल तर ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. अर्थात प्रत्यक्षात नावेही द्यावी लागतील, पण ओळखीच्या मागून. वेळ शेवटी आणि दोनदा. छापील मजकुरात पुनरुक्ती हा दोष ठरतो. नभोवाणीवर ती सोय आहे, कारण श्रोत्याला मागची ओळ पुन्हा वाचता येत नाही.

वार, वेळ आणि आकडे

येथे मराठीच्या काही खास अडचणी येतात. 'उद्या' हा शब्द सर्वांत घातक. ध्वनिमुद्रित पूर्वसूचना रविवारपासून तीन दिवस वाजणार असेल तर 'उद्या' केवळ एकाच दिवशी खरे ठरते. म्हणून 'येत्या मंगळवारी', 'उद्या' आणि 'आज' अशी तीन रूपे स्वतंत्रपणे मुद्रित करून ठेवावीत.

मध्यरात्रीनंतरचा कार्यक्रम असेल तर घोटाळा वाढतो. घड्याळाप्रमाणे बारा वाजता वार बदलतो. आपल्या बोलण्यात मात्र उजाडेपर्यंत तीच रात्र चालू असते. पंचांगातला वारही सूर्योदयापासूनच धरतात. 'बुधवारी रात्री साडेबारा' असे कागदोपत्री बरोबर लिहिले, तर बहुतेक श्रोते एक दिवस उशिरा रेडिओ लावतील. 'मंगळवारी मध्यरात्र उलटल्यावर, साडेबारा वाजता' असे म्हटले की संशय राहत नाही.

आकड्यांपैकी 'एकोण' ने सुरू होणारे आकडे कानाला फसवितात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक खरखरीत हरवतो. दूरध्वनी क्रमांक एकेक अंक सुटा करून आणि मध्ये थांबून वाचावा लागतो, म्हणून संहितेतही तो तसाच अक्षरी लिहावा.

आठवडाभराच्या चर्चांची एकत्र पूर्वसूचना हा वेगळा पेच आहे. पूर्वी वृत्तपत्रांत नभोवाणीच्या कार्यक्रमांचे सदर असे. वाचक त्यातील हवी ती ओळ खूण करून ठेवी. ते काम आवाज करू शकत नाही. सात रात्रींचे सात विषय सलग वाचले तर एकही लक्षात राहत नाही. त्यांपैकी दोन निवडून त्यांना प्रश्नाच्या रूपात मांडावे, उरलेल्यांचा एका वाक्यात उल्लेख करावा. कोणते दोन, हा निर्णय मात्र सोपा नसतो. प्रसिद्ध पाहुण्याची रात्र आपोआप गाजते. ज्या विषयाला आपणहून कोणी कान देणार नाही, त्यालाच या अर्ध्या मिनिटाची गरज अधिक असते, असे माझे मत आहे. तुमचे मत निराळे असू शकेल. संपर्कसत्रात त्याविषयी अवश्य बोला.

सराव

तुमच्या तालुक्यातील ज्या प्रश्नावर लोकांची दोन मते आहेत असा एक विषय निवडा. त्यावरील रात्रीच्या चर्चेची पूर्वसूचना ५५ ते ६५ शब्दांत लिहा. ती मोठ्याने वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि विषय ठाऊक नसलेल्या एखाद्या व्यक्तीला एकदाच ऐकवा. नंतर त्या व्यक्तीला तीन गोष्टी विचारा : चर्चा कधी आहे, वाद कशाचा आहे आणि लिहिणारा कोणत्या बाजूचा वाटला. तिसऱ्या प्रश्नाला निश्चित उत्तर मिळाले, तर मसुदा पुन्हा लिहा.