शब्द सोपे, अर्थ अवघड

इंग्रजी कोश जवळ असला म्हणजे इंग्रजी कागद समजला, असा आमच्या कित्येक व्यापारी बंधूंचा ग्रह आहे. हा ग्रह किती चुकीचा, हे येरवड्याच्या तुरुंगाचा इतिहास सांगेल. मिठाच्या सत्याग्रहात, १९३० सालच्या मे महिन्यात, महात्मा गांधींस दांडीनजीकच्या कराडी येथे मध्यरात्री पकडून येरवड्यास आणण्यात आले. त्यांजवर खटला झाला नाही, शिक्षेची मुदतही ठरली नाही. १८२७ सालच्या पंचविसाव्या रेग्युलेशनान्वये त्यांस ‘ड्युरिंग द प्लेझर ऑफ गव्हर्न्मेंट’ बंदीत ठेवावे, एवढाच हुकूम होता. ‘प्लेझर’ म्हणजे सुख किंवा आनंद, असे शाळेतील मूलही सांगेल. येथे मात्र त्याचा अर्थ ‘मर्जी’ असा आहे; सरकारास वाटेल तोवर कैद! २६ जानेवारी १९३१ रोजी त्यांची सुटका झाली, तीही कोणा न्यायाधीशाच्या निकालाने नव्हे, तर सरकारच्याच हुकुमाने.

परकी सत्ता गेली, पण हा वाक्प्रचार राहिला. आपल्या संविधानाच्या ३१० व्या अनुच्छेदाप्रमाणे मुलकी सरकारी नोकर राष्ट्रपतींची अथवा राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतो. मात्र काही अपवाद सोडता चौकशीवाचून त्यास बडतर्फ करता येऊ नये, असे कुंपण लगेच पुढच्या ३११ व्या अनुच्छेदाने घातले आहे. मर्जीस मर्यादा असणे, हाच स्वराज्यातील फरक होय.

आता पेढीवरचे व्यवहार पाहू. ‘स्लीपिंग पार्टनर’ म्हणजे निजलेला भागीदार; तेव्हा त्यास कसली जोखीम, असे समजून पुष्कळजण सही करतात. परंतु १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पेढीच्या देण्यास असा भागीदारही इतरांबरोबर आणि एकटाही जबाबदार असतो. पेढी बुडाली म्हणजे धनको त्याच्याही दारी येऊ शकतो. ‘विदाउट प्रेज्युडिस’ हे शब्द पत्राच्या माथ्यावर पाहून कोणी ‘मनात आकस नाही’ असा गोड अर्थ करतो. वस्तुतः लिहिणारा एवढेच सुचवितो की, तडजोडीचे हे बोलणे आपली कबुली समजू नये आणि आपल्या हक्कास त्याने बाध येऊ नये.

याबद्दल इंग्रजी भाषेस दूषण देण्याचे कारण नाही. ‘तोंडाला पाने पुसली’ याचा शब्दशः अर्थ एखाद्या परदेशीयाने केला, तर तो पाहुणचार झाला असेच समजेल! वाक्प्रचार हे प्रत्येक भाषेचे धन आहे. परंतु ज्या कागदावर आपले घरदार अवलंबून आहे, तो न समजता सही करणे हे धन नव्हे, ऋण होय. म्हणून आमचे सांगणे इतकेच की, सही करण्यापूर्वी मराठी मसुदा मागावा आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ जाणत्यास विचारावा. शाळांनीही मुलांस वाक्प्रचारांच्या याद्या घोकावयास लावण्याऐवजी खरे करारनामे व नोटिसा वाचावयास द्याव्या. अर्थ विचारण्यात कमीपणा मानणाऱ्यास पुढे वकिलाच्या दारी तोच अर्थ पैसे मोजून शिकावा लागतो, हे आम्ही आमच्या धंद्याच्या अनुभवाने सांगतो.