‘गुन्ह्याची कबुली दिली’, म्हणजे खटला संपला?

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ गुन्हेवार्तेतलं हे ठरलेलं वाक्य वाचलं की आता फक्त शिक्षाच सुनावायची उरली, असं वाटतं. न्यायालयात मात्र ही कबुली बहुतेक वेळा पुराव्यात येतच नाही.

गैरसमज : पोलिसांपुढे कबूल केलं की गुन्हा सिद्ध झाला.

वस्तुस्थिती : पोलीस अधिकाऱ्याला दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यातली ही बंदी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्येही कायम आहे. मारहाण झाल्याचं आरोपीला दाखवावं लागत नाही. बंदी सरसकट आहे. 1963 मध्ये तेव्हाच्या बिहारमधल्या पालकोट ठाण्यात एकाने स्वतः जाऊन चार खुनांची खबर दिली आणि ते आपणच केल्याचं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये तो कबुलीचा मजकूर बाजूला ठेवला. उरलेला पुरावा अपुरा पडला आणि तो सुटला.

गैरसमज : मग कोठडीतलं सगळंच बोलणं बाद.

वस्तुस्थिती : आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग ग्राह्य धरतात. समजा, पंचांसमोर तो म्हणाला, ‘ज्या सुऱ्याने वार केला तो मी छपरात लपवलाय, काढून देतो.’ पंचांसमोर नोंदवलेल्या या निवेदनातलं ‘छपरात लपवलाय’ हे न्यायालयात चालतं; ‘ज्याने वार केला’ हे वगळलं जातं. ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1946 च्या अखेरीस पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात आखलेली ही रेषा आजही पाळली जाते. सुरा खुनात वापरला गेला, हे सरकारी पक्षाला वेगळं सिद्ध करावं लागतं.

गैरसमज : न्यायदंडाधिकाऱ्यांपुढची कबुली नाकारली की ती निकामी.

वस्तुस्थिती : इथे कबुलीआधीच काळजी घेतली जाते. ‘कबुली देण्याचं बंधन नाही, दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल,’ हे दंडाधिकाऱ्यांनी सांगायलाच हवं. विचाराला साधारणपणे किमान 24 तास द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये सांगितलं. आरोपीने नकार दिला, तर त्याला पोलीस कोठडीत परत धाडता येत नाही. एवढं करून दिलेली कबुली पुढे नाकारली, तरी ती पुसली जात नाही; मात्र न्यायालयं तिला स्वतंत्र पुराव्याची पुष्टी मागतात. मुंबईवरच्या 26/11 हल्ल्यातल्या अजमल कसाबने फेब्रुवारी 2009 मध्ये दिलेली कबुली नंतर नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ती स्वेच्छेची मानली, पण तिच्या जोडीला सीएसटीवरची छायाचित्रं आणि प्रत्यक्षदर्शींच्या साक्षीही होत्या.

गैरसमज : मकोकात पोलिसांपुढची कबुली पुरेशी.

वस्तुस्थिती : संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या महाराष्ट्राच्या 1999 च्या या कायद्यात, वरच्या बंदीला अपवाद म्हणून, पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली ग्राह्य ठरते. ग्राह्य म्हणजे न्यायालय ती तपासणार. विश्वास ठेवणारच, असं नव्हे. मुंबईतल्या 2006 च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी अशाच कबुल्या अविश्वसनीय ठरवल्या. त्यांतला मजकूर एकमेकांशी नको तितका जुळत होता, छळाच्या तक्रारींतही न्यायालयाला तथ्य दिसलं. सर्व 12 जण निर्दोष सुटले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत स्थगिती दिली. पण 180 हून अधिक माणसं मारणारे कोण, या प्रश्नाशी त्यांच्या घरच्यांना 19 वर्षांनी पुन्हा आणून सोडलं ते कच्च्या कबुल्यांवर उभ्या राहिलेल्या तपासाने.